‘तुम्हा लोकांना काय, हलायची सवयच आहे!’



वरचं वाक्य एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललं गेलं. बोलणारा हसत होता, ऐकणारेही हसले. ज्यांना उद्देशून ते होतं त्या बाईंचं वय ८४. त्या हसल्या नाहीत. त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली आणि पंधरा दिवसांनी नातू त्यांना माझ्याकडे घेऊन आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रारी नेहमीच्याच होत्या. छातीत धडधड, घशात गोळा अडकल्यासारखं, हातापायांना मुंग्या, जेवण नको, पहाटे तीनला जाग. ईसीजी ठीक. थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व्ह सगळं ठीक. ‘वयाप्रमाणे होतं हो असं,’ म्हणत मी झोपेची एक हलकी गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ही माझी चूक होती. दुसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा गुडघा सुजलेला होता. गोळीच्या गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडल्या होत्या. नशीब, हाड मोडलं नव्हतं. तेव्हा कुठे मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘‘अम्मा, झालंय काय?’’

त्या म्हणाल्या, ‘‘बेटा, फिर कॅम्प में जाना है।’’

त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. बिल्डरच्या माणसाने बोलताना ‘ट्रान्झिट’ हा शब्द वापरला. इतरांनी ऐकलं, तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं आहे. अम्मांनी ऐकलं ‘कॅम्प’. कागदावर सही करण्याआधी त्यांनी थोडा वेळ मागितला आणि तेव्हा मागच्या रांगेतून ते वाक्य आलं. अम्मा सिंधी. सात वर्षांच्या असताना आईचा पदर धरून कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या. आज खारमध्ये त्यांचं स्वतःच्या नावाचं घर आहे, नातू उत्तम मराठी बोलतो. तरी शेजाऱ्यांच्या लेखी त्या अजून ‘तुम्ही लोक’च आहेत.

आज मला झोपेच्या गोळ्यांबद्दल लिहायचं नाही. त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे: उखडून आलेल्या माणसाचं मन जे मागे घडलं त्याने जसं दुखावतं, तसंच इथे आल्यावर आपण त्याला कसं वागवतो त्यानेही दुखावतं. पहिली गोष्ट कुणाच्याच हातात नाही. दुसरी आपल्या हातात आहे. म्हणून ‘बिचाऱ्यांनी फार सोसलं’ एवढं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

कॅम्प म्हणजे काय होतं?

फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, काही भाग तरी इकडे राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या हिंदूंना इकडे स्वतःचं म्हणावं असं राज्यच उरलं नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग लोंढे सुरू झाले. दहा लाखांहून जास्त माणसं सिंध सोडून आली. त्यातली कितीतरी बोटींनी मुंबईच्या गोदीत उतरली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या होत्या. पाच कॅम्प तिथे होते. सुमारे एक लाख माणसं त्या बराकींत राहायला गेली. मधे पडदा नाहीतर गोणपाट टांगलं की झाले दोन संसार. १९४९ मध्ये त्याच वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. मुलुंड आणि चेंबूरला सिंधी वसाहती उभ्या राहिल्या, सायन कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली. आजही तिथल्या पत्त्यांत ‘कॅम्प’ हा शब्द भेटतो.

१९४८ मध्येच मुंबई प्रांताच्या सरकारने निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला. त्यांनी नोंदणी करायची आणि सरकार पाठवेल त्या ठिकाणी राहायचं. त्या काळी एवढ्या माणसांची सोय लावणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण पुरावा दाखवा, रांगेत उभे राहा, सांगू तिकडे जा, हे सात वर्षांच्या मुलीने रोज पाहिलं. तेच पुन्हा ८४ व्या वर्षी पाहायची वेळ आली तर शरीराला जुनं सगळं आठवतं. ‘सोसायटीची कागदपत्रं आणा, सही करा, जागा खाली करा’ हे तुमच्यामाझ्यासाठी कामकाज आहे. अम्मांसाठी ती जुन्या जखमेवर पडलेली थाप आहे.

त्यातच लोकांचं बोलणं. सिंधी माणसं लोकलमध्ये पापड, गोळ्या, कापड विकू लागली, कमी नफ्यावर विकू लागली, तेव्हा इथल्या दुकानदारांचा राग झाला. लिपी अरबी वळणाची, बायकांचा पोशाख सलवारीचा, खाण्यात मटण, म्हणून ‘हे आपल्यातले तरी आहेत का?’ अशी शंका. ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. साप आणि सिंधी एकदम दिसले तर आधी कुणाला मारायचं, ही म्हण तर आपण हसत हसत मुलांपुढे म्हणत आलो. तिसऱ्या पिढीतली काही मुलं आडनावामागचं ‘आणी’ गाळून टाकतात, घरात सिंधी बोलत नाहीत. आपण त्याला ‘मिसळून गेले’ म्हणतो. मला विचाराल तर त्यातलं निम्मं मिसळणं आहे आणि निम्मं लपणं.

अपमान शरीरात कुठून शिरतो?

‘डॉक्टर, एवढ्याशा बोलण्याने कुणी आजारी पडतं का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पडतं. कसं ते सांगतो.

आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा आहे. ती वाजली की अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही रसायनं रक्तात वाढतात. हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठ होतात, भूक मरते, झोप पळते. समोर कुत्रा भुंकत आला तर हे सगळं उपयोगाचं. कुत्रा गेला की घंटा थांबते, शरीर शांत होतं.

भेदभावाचा त्रास असा की तो कुत्रा कधी जातच नाही. घर बघायला गेलं की दलाल आडनाव विचारतो. मुलाला वर्गात चिडवलं जातं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा ‘जोक’ येतो. पुढचा कधी येईल ते माहीत नसतं, म्हणून शरीर सतत सावध राहतं. घंटा बारीक आवाजात वाजतच राहते. वर्षानुवर्षं अशी वाजली तर रक्तदाब वाढतो, झोप तुटते, पोट बिघडतं, मन खचतं. ज्याच्याकडे तक्रार करावी तोच हसणारा असेल तर माणूस तक्रार करणंही सोडतो. मग उरतं ते अंगदुखीच्या रूपाने दवाखान्यात येतं.

२००३ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही जणांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला दिला आणि मधेच त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. एवढंच. पण वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जास्त काम करताना दिसला, तो शारीरिक वेदनेतही जागा होणाऱ्या भागांपैकी एक आहे. लहानसा प्रयोग आहे, त्यावरून मोठे दावे करायला नकोत. पण ‘मन लावून घेऊ नका’ म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवा: वगळलं जाणं दुखतं, हा नुसता बोलण्याचा अलंकार नाही.

अभ्यास काय सांगतात?

पहिली गोष्ट, निर्वासित म्हणजे मनाने मोडलेला माणूस, ही समजूत चुकीची आहे. पाश्चात्त्य देशांत वसवलेल्या सुमारे ७००० निर्वासितांवरच्या अभ्यासांचा आढावा २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रौढांमध्ये आघातानंतरच्या तणावाचा आजार (पीटीएसडी) शंभरात साधारण ९ जणांना आणि तीव्र नैराश्य ५ जणांना आढळलं. म्हणजे बहुसंख्य माणसं एवढं सगळं सोसूनही उभी राहतात. पण ज्यांना आजार होतो त्यांची संख्या कमी नाही आणि त्यांना उपचार लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच वर्षी ‘जामा’ या नियतकालिकात ५६ अहवालांचा एकत्रित अभ्यास छापून आला. त्यात २२ हजारांहून अधिक निर्वासितांची माहिती होती. ज्यांना छावणीत किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहावं लागलं, ज्यांना कामधंद्याची वाट बंद होती, त्यांचं मानसिक आरोग्य अधिक बिघडलेलं होतं. पक्कं घर आणि कमावण्याची मोकळीक मिळाली तिथे परिस्थिती बरी होती. आणखी एक निष्कर्ष होता: वयाने मोठी, जास्त शिकलेली, आधी चांगल्या परिस्थितीत राहिलेली माणसं आणि स्त्रिया यांना जास्त त्रास झाला. सिंधमध्ये स्वतःची हवेली असलेला माणूस जेव्हा लोकलमध्ये पापड विकतो, तेव्हा नुसते पैसे गेलेले नसतात. त्याचा मान गेलेला असतो.

कॅनडात आग्नेय आशियातून आलेल्या ६४७ निर्वासितांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. भेदभाव सोसल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती.

आणि आपल्याकडे? फाळणीने एवढी माणसं उखडली, पण त्यांच्या मनाचं काय झालं यावर त्या काळच्या आपल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही. १९५० मध्ये भारत-पाकिस्तानने मनोरुग्णालयांतल्या रुग्णांचीसुद्धा वाटणी केली, हिंदू-शीख इकडे, मुसलमान तिकडे. मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा त्यावरचीच. एका कथालेखकाला जे दिसलं ते माझ्या व्यवसायाला दिसलं नाही. फाळणीच्या मानसिक परिणामांवर डॉ. संजीव जैन आणि डॉ. आलोक सरीन यांनी संपादित केलेला ग्रंथ २०१८ मध्ये आला, म्हणजे सत्तर वर्षांनी. मी अम्मांना न विचारता गोळी लिहिली, ती याच परंपरेतून.

कोल्हापुरात वेगळं घडलं होतं

‘एवढ्या माणसांना कोण कसं सांभाळणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आपल्याच मातीतलं उदाहरण. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातल्या श्रमछावण्यांतून, उपासमारीतून सुटून आलेली. त्याआधी १९४२ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला नेलेल्या पोलिश मुलांची पहिली तुकडी काही काळ आपल्या शेजारच्या वांद्र्यातच राहिली होती.

वळिवड्यातही छावणीच होती. पण तिथे त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. पुढे जगभर विखुरलेली ती मुलं म्हातारपणीही कोल्हापूरचं नाव प्रेमाने घेत राहिली. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

तुलना तंतोतंत नाही, हे मला माहीत आहे. ते पाहुणे होते, जाणार होते, त्यांनी कुणाच्या दुकानाशी स्पर्धा केली नाही. त्यांच्या खर्चाची व्यवस्थाही वेगळी होती. पण मुद्दा तोच आहे. सैबेरिया कोल्हापूरकरांना पुसता येत नव्हता, तरी पुढचे दिवस कसे जातील ते बऱ्याच अंशी यजमानांच्या हातात होतं. पाहुण्याला दिलेला मान आपण शेजाऱ्याला का देत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत

‘७५ वर्षं झाली, आता कसला त्रास?’ काळ जखम भरतो, पण त्यासाठी तिच्यावर पुन्हा पुन्हा मारायचं नसतं. शिवाय म्हातारपणी जुन्या आठवणी वर येतात, हे आम्ही नेहमी पाहतो. काम असतं, मुलं लहान असतात, तोवर माणूस स्वतःला कामात बुडवून ठेवतो. जोडीदार जातो, कानांनी ऐकू येईनासं होतं, दिवस रिकामे होतात, आणि साठ-सत्तर वर्षं दाबलेलं वर येतं.

‘ते तर आपल्यापेक्षा श्रीमंत झाले!’ हा आपला लाडका आक्षेप. ‘सिंध्यांकडे बघा, कधी हात पसरला नाही, रडले नाहीत.’ ऐकायला कौतुक वाटतं, पण या कौतुकाने फार नुकसान केलं आहे. जो कधी रडला नाही म्हणून शाबासकी मिळते, तो रडू आल्यावर कुठे जाणार? लिंकिंग रोडवरचं नॅशनल कॉलेज तुम्हाला माहीत आहे. ते मूळचं सिंधमधल्या हैदराबादचं, १९२२ चं. फाळणीनंतर त्या लोकांनी १९४९ मध्ये ते वांद्र्यात नव्याने उभं केलं. एवढी जिद्द होती हे खरंच. पण कॉलेज उभं करणाऱ्या माणसालाही रात्री झोप येत नसेल, हे आपल्या मनात येत नाही. पैशाने ब्लडप्रेशरची गोळी मिळते, शेजाऱ्याच्या तोंडून निघणारं ‘तुम्ही लोक’ बंद होत नाही.

‘विनोद होता, एवढं काय!’ विनोद कुणाला म्हणायचं ते सोपं आहे. ज्याच्यावर केला तो माणूस खोलीत असताना तोही मनापासून हसला, तर विनोद. तो इकडेतिकडे बघत ओठ ताणून हसला, तर तो अपमान होता आणि त्याला नाइलाजाने साथ द्यावी लागली.

शेवटचा आक्षेप आमच्या दांड्यातून येतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोळीवाड्यातली एक मावशी मला म्हणाली, ‘‘डॉक्टर, बाहेरून आलेल्यांचं एवढं लावून धरता. आम्ही तर इथलेच. आमच्याभोवती टॉवर उभे राहिले, आता त्याच टॉवरमधले लोक म्हणतात, मच्छीचा वास येतो. माझ्या पोरीला भाड्याने घर दाखवलं, मग विचारलं, मासे खाता का? आणि घर गेलं. आमचं कोण लिहिणार?’’

मावशीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिच्या टोपलीला मोठ्या लिफ्टमध्ये जागा नसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या किनाऱ्यावर तिच्या घरच्या होड्या लागल्या, तिथेच तिला नाक मुरडलेलं दिसतं. तिचाही रक्तदाब वाढलेला आहे आणि त्यात या सगळ्याचा वाटा नाही, असं मी डॉक्टर म्हणून म्हणू शकत नाही. पण मावशी, म्हणूनच तर सांगतोय. ‘मासे खाता का?’ आणि ‘हलायची सवयच आहे’ ही एकाच तोंडातून निघालेली वाक्यं आहेत. पहिलं वाक्य तुला लागतं तेव्हा दुसऱ्यावर हसू नकोस. एकदा माणसाला ‘हे लोक’ म्हणून बाजूला काढायची सवय लागली की पाळी सगळ्यांवर येते, कालच्या निर्वासितावर येते तशी हजार वर्षं इथे राहणाऱ्यावरही येते.

ती पाळी आज कुणावर आहे ते पाहायचं असेल तर माहुलकडे बघा. मुंबईतल्या वस्त्या तोडून माणसांना तिथे, रिफायनरींच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे असं हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटलं. तिथे राहायला नकार देणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये द्यावा लागला. सीमा ओलांडली नाही म्हणून त्यांना निर्वासित म्हणत नाहीत, एवढाच फरक. आणि नव्या टॉवरमध्ये पुनर्वसनाच्या इमारतीला वेगळं गेट ठेवतो, तेव्हा आपण त्या घरातल्या मुलाला रोज शाळेत जाताना एक धडा शिकवत असतो.

मग करायचं काय?

घरच्यांसाठी. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास आहे का? ज्या गोष्टी आवडायच्या त्यांत रस वाटेनासा झाला आहे का? घरातल्या वयस्कर माणसाला हे दोन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटा. ‘मन खंबीर ठेवा’ म्हणू नका. त्यांनी ८४ वर्षं तेच केलं आहे. त्याऐवजी विचारा, ‘काय झालं?’ आणि मग गप्प बसा. जुन्या गोष्टी बळेच उकरू नका, पण त्या सांगू लागल्या तर टीव्ही बंद करा. त्यांच्या भाषेत बोलता येत असेल तर त्यांच्याच भाषेत बोला.

स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नका. वयस्कर माणसं त्या गुंगीत पडतात, गोंधळतात, आणि गोळीची सवयही लागते. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची नशा होत नाही, पण ती अचानक बंदही करायची नसतात. वयस्करांमध्ये रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, म्हणून तपासण्या चुकवू नका. समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत, तेही उपचारच आहेत. ‘जगून काय करायचं’ असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी मदत घ्या, तोवर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाचा उपकार नाही.

डॉक्टरांसाठी, म्हणजे आधी माझ्यासाठी. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की तपासणी संपत नाही. ‘कुठून आलात, इथे कसं वागवतात, सध्या घरी काय चाललंय’ एवढं विचारायला तीन मिनिटं लागतात. ती मी दिली असती तर अम्मांचा गुडघा सुजला नसता.

सोसायटीसाठी. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. घराच्या बाबतीतही कायदा फार पुढे जात नाही. एका गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवलं. म्हणजे कायदा येऊन आपल्याला सुधारेल, याची वाट बघत बसू नका. भाडेकरूला आडनाव आणि ताटातलं जेवण विचारणं बंद करा. पुनर्विकासात वयस्करांना आधी घरी जाऊन, त्यांना कळेल त्या भाषेत, कुठे राहायचं, किती दिवस आणि परत कधी यायचं ते नीट समजावा, कागदावर लिहून द्या. अनिश्चितता ही उखडलेल्या माणसाची सगळ्यात जुनी भीती असते.

अम्मांचं म्हणाल तर औषध सुरू आहे, झोप बरी आहे. नातवाने इमारतीपासून चार गल्ल्यांवर भाड्याचं घर शोधलं, आणि आजीला दोनदा नेऊन दाखवलं. सही त्यांनी केली. पण मीटिंगला जात नाहीत. ‘‘वहां क्या सुनूंगी,’’ म्हणतात. यावर माझ्याकडे गोळी नाही.

ती तुमच्याकडे आहे. पुढच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ट्रेनच्या डब्यात असं एखादं वाक्य येईल. येईलच. तेव्हा भाषण करायची गरज नाही. फक्त हसू नका, आणि जमलं तर शांतपणे म्हणा, ‘असं बोलू नका.’ ज्याच्यावर ते वाक्य टाकलं होतं तो माणूस घरी जाऊन रात्री पुन्हा पुन्हा ते आठवेल. त्याबरोबर एक जण आपल्या बाजूने बोलला होता, हेही त्याला आठवू द्या.

काळजी घ्या. स्वतःची आणि शेजाऱ्याचीही.